निराधारांच्या पगाराचा दिवस

सकाळी ६

जानेवारीत आमच्या गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जमीन खडकाळ आणि पाणी कमी. दिवाळी आटोपली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घर, शेरडं आणि नातवंडं आजी-आजोबांच्या ताब्यात.

मी इथली बँक मित्र. लॅपटॉप, थंब मशीन, पावती छापायचं यंत्र आणि गल्ल्यात असेल तेवढी रोकड, एवढ्यावर एका बँकेचं केंद्र चालवते. चूल पेटायच्या आत फोन सुरू होतात. "ताई, पगार पडला का गं?" पगार म्हणजे श्रावणबाळ नाहीतर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये. तो कोणत्या तारखेला पडेल हे मला सांगता येत नाही, कारण तारीखच ठरलेली नाही. कधी महिन्याचा महिन्याला येतो, कधी दोन महिने थांबून एकदम. म्हणून ज्यांच्याकडे फोन आहे ते रोज फोन करतात, आणि ज्यांच्याकडे नाही ते वस्तीवरून चालत येतात. संक्रांत होऊन दोन दिवस झालेत. सणाला हातात पैसा नव्हता, त्यामुळे आज गर्दी होणार.

सकाळी ८.३०

शटर वर करण्याआधीच ओटा भरलेला. काठ्या, पिशव्या, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक आणि आधार. एकीने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि लगेच पासबुक पुढे केलं. छापून घेतलेल्या पानावर तिने बोट ठेवलं. "दोनशे येगळं आन् तेराशे येगळं, असं का गं माय? दोन मानसं देत्यात का?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेल्यांना दोन सरकारं मिळून देतात. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा केंद्र महिन्याला ७५ रुपये द्यायचं. २००६ मध्ये त्याचे २०० झाले. आज जानेवारी २०२५ चालू आहे आणि ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०० च आहे. ऐंशी पूर्ण झाली की ५००. या काळात महागाई तिपटीहून वर गेली. उरलेली भर राज्य घालतं. राज्याने तरी रक्कम वाढवत नेली: आधी ६००, मग १,०००, आणि जुलै २०२३ पासून १,५००. पण प्रत्येक वाढीसाठी माणसांना मोर्चे काढावे लागले, निवडणुकीची वाट पाहावी लागली. नोकरीतून निवृत्त झालेल्या सरकारी माणसाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप हलतो. ऊस तोडून म्हातारी झालेल्या बाईसाठी तसं काही नाही. तेल-मीठ दोघांना एकाच दुकानात, एकाच भावाने घ्यावं लागतं.

मी आजींना एवढंच म्हटलं, "व्हय आज्जी, दिल्ली दोनशे देती आन् मुंबई तेराशे."

"मग दिल्लीला सांग की वाढवायला."

सकाळी ९.१५

अंगठे सुरू झाले. पैसे काढायचे तर आधार नंबर टाकायचा, काचेवर बोट ठेवायचं, आणि दूर कुठल्या तरी सर्व्हरवर साठवलेल्या ठशाशी ते जुळायचं. ज्यांनी चाळीस-चाळीस हंगाम कोयता धरला, उसाच्या पाचटात हात घातले, मोळ्या बांधल्या, त्यांच्या बोटांवर रेघा राहिलेल्या नाहीत. मी कोमट पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडकं टेबलावरच ठेवते. हात धुऊन, पुसून, थोडं व्हॅसलीन चोळूनही अंगठा लागत नसेल तर तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. काहींचं करंगळीवर भागतं.

ठसा जुळला नाही की मशीन लाल होतं, आणि समोरचं माणूस लाजतं. हे मला रोज पाहावं लागतं आणि याची मला सवय झालेली नाही. एक आजोबा ठसा उमटेना तसे ओशाळून म्हणाले, "म्या तर काय केलं न्हाई बाई." त्यांना वाटलं, त्यांच्याच हातून काही चुकलं. ज्या कामाने साखर झाली त्याच कामाने त्यांची बोटं झिजवली. चूक असलीच तर म्हातारपणी ओळख पटवायला तीच बोटं मागणाऱ्या रचनेची आहे.

बुबुळ तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. ज्यांचं कुठलंच बोट लागत नाही त्यांना पासबुक घेऊन शाखेत जावं लागतं. शाखा तालुक्याला, एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. दीड हजार आणायला जाण्या-येण्याचा खर्च, सोबत कुणीतरी, आणि तिथली रांग.

सकाळी १०.४५

आता मोठं दुखणं. गेल्या महिन्यापासून, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून, या योजनांचे पैसे डीबीटीने यायला लागलेत. आधी तालुक्यावरून बँकेला यादी जायची आणि यादीतल्या खात्यावर रक्कम पडायची. आता पैसा खाते क्रमांक पाहत नाही, आधार पाहतो. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं, तिथे तो जातो.

हेतू चांगला आहे. मधला माणूस गेला, मेलेल्यांच्या नावावरची उचल थांबली, हे मी नाकारणार नाही. पण आमच्या माणसांची खाती कशी उघडली गेली ते पाहा. कुणी बाजारच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिमकार्ड घेतलं, त्याने अंगठा घेतला, त्यात एक खातंही उघडलं. कुणी कारखान्याच्या गावी, कुणी पीक कर्जमाफीच्या वेळी, कुणी जनधनच्या वेळी. आपली किती खाती आहेत हे त्या माणसाला माहीत नसतं. आज सकाळपासून आलेल्यांत असे बरेच निघाले: पासबुक कोरं, आणि तालुक्याच्या यादीत "रक्कम जमा".

मी त्यांच्या फोनवरून *९९*९९*१# लावते, आधार क्रमांक घालते, आणि कोणत्या बँकेला जोडलंय ते बघते. एका मावशींचे पैसे सापडले. कर्नाटकातल्या एका गावच्या शाखेत. त्या तिकडे दहा वर्षांपूर्वी तोडीला गेल्या होत्या. "ते मुकादमानं काढलं व्हतं," त्या म्हणाल्या. आधारवरून ते पैसे इथेही काढता येतात, म्हणून मी दोन हप्ते काढून दिले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत, तशाच कमरेला खोचल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

ज्यांचं सापडलं नाही त्यांचं काय? मोबाइल नंबर जोडलेला नाही, आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव वेगळं, माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव. अशांची पडताळणी होत नाही तोवर रक्कम थांबते. थांबली हे त्यांना कुणी कळवत नाही. ते माझ्या ओट्यावर येतात तेव्हा कळतं.

दुपारी १२

गर्दी ओसरल्यावर वरच्या आळीतल्या काकू आल्या. बाकीच्यांसमोर बोलायचं नव्हतं म्हणून थांबल्या होत्या. "सूनबाई, माझं लाडकी बहीणचं बंद होनार म्हनत्यात."

आधार पाहिला. जन्मतारीख १ जानेवारी १९६०. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख १ जानेवारीच आहे, कारण आधार काढताना वर्ष अंदाजाने सांगितलं गेलं आणि दिवस-महिना यंत्राने भरला. त्यामुळे दर जानेवारीत कागदावर गावचं गाव एक वर्षाने म्हातारं होतं. काकूंना याच महिन्यात ६५ पूर्ण झाली. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी.

मी त्यांना काय सांगायचं? ६५ पर्यंत लाडकी बहीण, ६५ नंतर श्रावणबाळ, दोन्हीकडे १,५०० रुपयेच. वाटतं, एका खिडकीतून उठून दुसऱ्या खिडकीपुढे बसायचं. पण लाडकी बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. श्रावणबाळला वर्षाला २१,०००. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ६४ वर्षांची असताना जी बाई मदतीला पात्र, तीच ६५ ची झाल्यावर, अंगातली ताकद आणखी कमी झाल्यावर, अपात्र.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर २९७ रुपये आहे. घरातल्या एकाने वर्षात ७१ दिवस रोजगार हमीवर माती उचलली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे एक सरकारी योजना वर्षाला १०० दिवस कामाची हमी देते आणि ते काम केलं तर दुसरी सरकारी योजना आईची पेन्शन नाकारते. शिवाय काकूंचा मुलगा आणि सून कोयत्यावर. त्यांचं नाव त्याच रेशनकार्डात. उचल फेडून हाती काय राहतं ते काकूंना विचारा, पण कागदावर ते कमावतं कुटुंब आहे.

मग काय होतं? रेशनकार्ड फोडायचं. आईचं वेगळं, मुलाचं वेगळं. एकाच चुलीवर जेवणारी माणसं कागदावर वेगळी करायची, उत्पन्नाच्या दाखल्यावर बसेल तेवढाच आकडा घालायचा. खरं बोलेल त्याला पेन्शन नाही, असा हा नियम आहे. उभ्या आयुष्यात कुणाचं एक कणीस न उचललेल्या बाईला म्हातारपणी खोट्या कागदावर अंगठा करायला लागतो, याचा मला संताप येतो.

काकूंना मी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, अशी कागदांची नावं लिहून दिली. अर्ज झाला तरी तालुक्याच्या समितीची बैठक व्हायची, नाव मंजूर व्हायचं, मग पहिला हप्ता. "तवर?" त्या म्हणाल्या. तोवर काही नाही. मी खोटा दिलासा दिला नाही.

दुपारी १.३०

डबा उघडला तोच साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे अण्णा आले. त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन आहे, हयातीचा दाखला करायचा होता. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. मालकाच्या हिश्शातले पगाराच्या ८.३३ टक्के त्यात जातात. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये झाली आणि तिथेच थांबली. अण्णांच्या नावाने नोकरीभर पैसे भरले गेले आणि त्यांना मिळतात बाराशे. म्हणजे एक रुपयाही न भरता मिळणाऱ्या निराधारच्या रकमेहून कमी, आणि ही पेन्शन असल्यामुळे ते निराधारमध्येही बसत नाहीत. बुलढाण्यात या पेन्शनधारकांचं साखळी उपोषण २४ डिसेंबर २०१८ पासून चालू आहे. महिना ७,५०० आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी. अण्णाही तिथे एक दिवस बसून आले. त्यांचा चेहरा कॅमेऱ्याने लगेच ओळखला, दाखला झाला. ते माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन गेले, याचं मला बरं वाटलं.

दुपारी ३

मशीन पिशवीत घालून मळ्याच्या वस्तीवर गेले. तिथल्या आजी पावसाळ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बाजेवर. सांभाळायला बारा वर्षांची नात. ती शाळेत जात नाही हे वेगळं सांगायला नको.

पत्र्याच्या खोलीत रेंज येत नाही. नातीने आणि मी मिळून बाज अंगणात लिंबाखाली ओढली. बोटं लावून पाहिली, एकही नाही. मग चेहऱ्याची ओळख करून पाहिली. ॲप सांगतं, डोळे मिटा आणि उघडा. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या पापण्या हलवतात, पण कधी हलवायच्या ते त्यांना दिसत नाही. नात कानाशी सांगत होती, "आज्जे, आता मिट. आता उघड." यंत्राला पटेना.

माझ्यासमोर एक माणूस श्वास घेतंय, माझा हात धरून बसलंय, त्याला मी वर्षानुवर्षं ओळखते. तरी आजी हयात आहेत, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या म्हणण्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

दिवसभर मी हेच पाहत असते. तू म्हातारी आहेस हे सिद्ध कर. गरीब आहेस हे सिद्ध कर. तू तीच आहेस हे सिद्ध कर. आणि दर वर्षी, अजून जिवंत आहेस हेही. वय वाढेल तसा पुरावा देणं अवघड होत जातं आणि मागणी मात्र तीच राहते. पैसे कमी आहेत हे खरंच, पण रक्कम उद्या तिप्पट केली तरी ती या आजींच्या बाजेपर्यंत पोचणार नाही. वय झालेल्या प्रत्येक माणसाला पेन्शन लागू करायची आणि कोण पात्र नाही हे शोधायचं काम सरकारने अंगावर घ्यायचं, असं उलटं का करता येऊ नये? आयकर भरणारे, सरकारी पेन्शन घेणारे सरकारच्या नोंदीत आहेतच. त्यांना वगळायला आजींचा अंगठा लागत नाही.

नियम तर चांगलेही आहेत. सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरी जाऊन सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय. आजारी माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर कागदावर घेऊन पैसे देता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा हवा. पण शाखेत माणसं मोजकी. मळ्यापर्यंत यायला कुणाला सवड मिळत नाही. मी अर्ज लिहिला, आजींचा अंगठा शाईवर घेतला. शाईत मात्र त्यांच्या बोटाचा ठसा काळा, ठसठशीत उमटला. त्याच्याखाली नातीने सही केली, तिला सही येते याचा तिला अभिमान आहे. नातीच्या शाळेबद्दल मी उद्या बाईंशी बोलणार आहे.

संध्याकाळी ५

गल्ल्यातली रोकड संपली. उरलेल्यांना उद्या बोलावलं.

एक पोरगा थांबला होता, सव्वीस वर्षांचा, बायकोच्या बाळंतपणासाठी फडातून चार दिवस आलेला. अटल पेन्शनचं विचारत होता. मला असं कुणी विचारलं की आनंद होतो. देशातल्या दहा कामकऱ्यांपैकी जवळपास नऊ असंघटित आहेत, आणि कोयत्याला ना पीएफ ना ग्रॅच्युइटी. १८ ते ४० वयात सुरू करता येते, साठीनंतर १,००० ते ५,००० पर्यंत ठरलेली पेन्शन. अठराव्या वर्षी धरलं तर ५,००० साठी महिन्याला २१०, तिसाव्या वर्षी ५७७.

पण हप्ता खात्यातून दर महिन्याला आपोआप कापला जातो, आणि त्याच्याकडे पैसा येतो वर्षातून एकदा, उचल म्हणून. ती कर्ज फेडण्यात, लग्नकार्यात, दवाखान्यात जाते. खातं रिकामं, हप्ता चुकतो, दंड लागतो. मी त्याला सहामाही हप्ता सुचवला. आणि हेही सांगितलं की ही रक्कम महागाईप्रमाणे वाढणार नाही. तो साठीचा होईल तेव्हा २०५९ उजाडलेलं असेल. ५,००० ला तेव्हा काय येईल? तो हसला. "ताई, उसात पाठ गेली की साठ कुठलं बगतो मी." तरी फॉर्म घेऊन गेला.

संध्याकाळी ७

हिशेब जुळवून गुरुजींकडे गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या पेन्शनचे. गावातल्या कितीतरी घरांना अडीअडचणीला त्यांच्याच पेन्शनमधून उसने पैसे जातात. मुलगाही शिक्षक, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून नव्या योजनेत. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात तो आठवडाभर तालुक्याला बसला होता. संघटित माणसाला निदान संप करता येतो, असं मी म्हणाले. गुरुजी म्हणाले, "मग आपण ग्रामसभेत बसू."

रात्री ९

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहायला घेतला. केंद्राचे २०० रुपये वाढवणं किंवा २१,००० ची मर्यादा बदलणं ग्रामसभेच्या हातात नाही, म्हणून ती मागणी सरकारला पाठवायची: मर्यादा लाडकी बहिणीइतकी करा आणि हप्त्याची तारीख ठरवा. गावाच्या हातात आहे ते वेगळं लिहिलं. दर महिन्याला थांबलेल्या हप्त्यांची यादी तहसीलमधून मागवून चावडीवर वाचायची. बाजेवरच्या माणसांची यादी ग्रामपंचायतीने करायची. तलाठी आणि बँकेचा माणूस वर्षातून एक दिवस गावात आणायचा, कोयते परत आल्यावर नाही, आत्ता, म्हातारी माणसं एकटी असतात तेव्हा.

गुरुजींनी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. सूचक म्हणून त्यांनी अण्णांचं नाव घातलं. अनुमोदक म्हणून वरच्या आळीतल्या काकूंना विचारायचं ठरलं आहे. त्या सभेत कधी बोललेल्या नाहीत. सकाळी शटर उघडायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन येते.